अकराव्या पोराला चेंडू कधी मिळतो?

६ फेब्रुवारी २०२४ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या बेनोनी इथं एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाचा उपांत्य सामना झाला. भारताला २४५ धावा हव्या होत्या आणि ३२ धावांत चार गडी बाद झाले होते. तिथून कर्णधार उदय सहारननं ८१ आणि सचिन धसनं ९६ धावा केल्या. पाचव्या गड्यासाठी दोघांनी १७१ धावा जोडल्या आणि भारत अंतिम फेरीत गेला. सचिन धस बीडचा. त्याच संघातला अर्शिन कुलकर्णी सोलापूरचा, त्यानं त्याच स्पर्धेत अमेरिकेविरुद्ध शतक केलं होतं. एक बार्शीच्या वरच्या अंगाचा, दुसरा खालच्या अंगाचा. ही नावं टीव्हीवर ऐकल्यावर आमच्याकडच्या कितीतरी घरांत बॅट-पॅडची चौकशी सुरू झाली.

या दोघांच्या कहाण्यांत वडील ठळकपणे दिसतात. सचिनचं नावच मुळी तेंडुलकरवरून ठेवलेलं. त्याचे वडील स्वतः क्रिकेट खेळलेले, आणि मुलाला त्यांनी बीडमधल्याच शेख अजहर या प्रशिक्षकाच्या हाती सोपवलं. अर्शिनचे वडील डॉक्टर. पोराच्या पाठीशी उभा राहणारा बाप वृत्तपत्रांना आवडतो, आणि त्याचं कौतुक व्हायलाच हवं.

मात्र हा लेख दुसऱ्या एका बापाबद्दल, किंवा आईबद्दल आहे. गल्लीतली, शाळेतली बारा-चौदा पोरं जमतात, त्यांना कुणीतरी मोठं माणूस लागतं, आणि कुणाचा तरी बाप किट-बॅग उचलतो. त्याच्याकडे प्रमाणपत्र नसतं. तो आडतीवर, शाळेत किंवा बँकेत नोकरी करतो आणि रविवारी सकाळी सात वाजता शिट्टी घेऊन मैदानावर येतो. महाराष्ट्रातल्या तालुक्यांच्या गावांत मुलांचं बरंचसं क्रिकेट अशा माणसांवर चालतं, आणि त्यांच्यासाठी मराठीत लिहिलेलं मला फारसं काही सापडलं नाही.

मी स्वतः हे काम बार्शीत पाच हंगाम केलं. मुलगा नऊ वर्षांचा होता तेव्हा सुरुवात झाली, आज तो नोकरी करतो. कॉलेजच्या पुढे मी खेळलेलो नाही. त्यामुळे तंत्र शिकवण्याचा आव आणणं शक्य नव्हतं. मला लिहायची आणि मोजायची सवय होती, म्हणून मी चेंडू मोजले. नंतर खेळाचे नियम आणि इतर देशांनी मुलांसाठी केलेली व्यवस्था वाचत गेलो. या सगळ्यातून माझं एक मत बनलं आहे: दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या संघात पालक-प्रशिक्षकाचं पहिलं काम वाटपाचं आहे. चेंडूचं वाटप नीट झालं तर शिकवायला जागा राहते.

एका डावाचा हिशेब

हा हिशेब कुणालाही कागदावर करता येईल. वीस षटकांचा डाव म्हणजे १२० चेंडू. एका गोलंदाजाला जास्तीत जास्त चार षटकं. म्हणजे पाच पोरांत गोलंदाजी संपते. एक यष्टिरक्षक धरला तर उरलेल्या पाच जणांच्या हातात चेंडू येतो तो फक्त अडवून परत फेकण्यासाठी. फलंदाजीत पहिली तीन पोरं जरा टिकली की १२० पैकी नव्वद-शंभर चेंडू त्यांचेच. आठव्या, नवव्या, दहाव्या, अकराव्या क्रमांकाच्या पोरांना पॅड बांधून बसण्याचा अनुभव मिळतो.

या दोन्ही गोष्टी एकाच पोराच्या वाट्याला आल्या की काय होतं ते पाहा. तो फलंदाजीला उतरत नाही, गोलंदाजी करत नाही आणि क्षेत्ररक्षणात त्याला थर्ड मॅनला उभं केलेलं असतं, कारण तिथं चेंडू कमी जातो. बार्शीच्या एप्रिल-मेच्या उन्हात तो दोन-अडीच तास उभा असतो. त्याच्याकडे तीन-चार चेंडू येतात. त्यातला एक सुटतो, तेव्हा सगळे त्याच्या नावानं ओरडतात. घरी गेल्यावर तो सांगतो, मॅच जिंकलो. पुढच्या वर्षी तो येत नाही. त्याला क्रिकेट आवडत नव्हतं असं आपण म्हणतो, पण त्या पोरानं क्रिकेट खेळलेलंच नसतं.

हा दोष कुणा दुष्ट प्रशिक्षकाचा नाही, सामन्याच्या साच्याचा आहे. मोठ्यांच्या सामन्यात निकाल महत्त्वाचा, म्हणून चांगल्याला जास्त संधी हे बरोबरच. तोच साचा मुलांना लावला की ज्याला आधीच थोडं येतं त्याला सगळा सराव मिळतो आणि ज्याला सरावाची गरज आहे तो बघत राहतो.

यावर इंग्लंडमध्ये एक जुना आणि सोपा तोडगा आहे, जोडीचं क्रिकेट. आठ-आठ पोरांचे दोन संघ. प्रत्येक जोडी चार षटकं खेळणार म्हणजे खेळणारच. बाद झालं तर धावसंख्येतून पाच धावा वजा, दोघांनी टोकं बदलायची आणि पुढे चालू. पोरांचा आकडा शून्याखाली जाऊन हिरमोड होऊ नये म्हणून डाव २०० धावांपासून सुरू करतात. चार जोड्या, सोळा षटकं, ९६ चेंडू. आठही पोरांनी दोन-दोन षटकं टाकायची, म्हणजे प्रत्येकाला बारा चेंडू. प्रत्येक जोडीला २४ चेंडू, म्हणजे माणशी साधारण बारा चेंडू फलंदाजी. यष्टिरक्षक दर चार षटकांनी बदलायचा. जिंकणं-हरणं आहे, बाद होण्याची किंमत आहे, आणि पहिल्याच चेंडूवर त्रिफळा उडाला तरी पोरगं रडत बाहेर येऊन बसत नाही.

ऑस्ट्रेलियानंही मुलांच्या सामन्यांचे टप्पे पाडले. पहिल्या टप्प्यात सात-सात पोरं आणि १६ मीटरची खेळपट्टी, दुसऱ्यात नऊ-नऊ आणि १८ मीटर, मग अकरा आणि पूर्ण अंतर. ज्यांनी एवढे विश्वचषक जिंकले त्यांना लहान पोरांना अकरा जणांचा सामना खेळवायची घाई वाटत नाही, हे आमच्या पालकांच्या बैठकीत सांगितल्यावर बराच विरोध मावळला होता.

बावीस यार्ड कुणासाठी?

वाटपाचा अंतराशी थेट संबंध आहे. नियमातली खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे २०.१२ मीटर. ती मोठ्या माणसाच्या खांद्याच्या ताकदीसाठी आहे. साडेचार फुटी पोरानं तिथून चेंडू टाकायचा तर तो आभाळात उडवावा लागतो, नाहीतर हात वाकवून फेकावा लागतो. चेंडू दोन टप्पे घेतो किंवा वाइड जातो. वाइड गेला की फलंदाजाचा चेंडू वाया आणि गोलंदाजाचा धीर वाया. १६ मीटरवरून तेच पोरगं सरळ हातानं टप्प्यावर टाकू शकतं. खेळपट्टी चार मीटरनं आखूड करायला पैसे लागत नाहीत, चुन्याची एक रेघ आणि जास्तीचे तीन स्टंप पुरतात.

स्टंपची उंची ७१ सेंटिमीटर असते. मोठ्या खेळाडूच्या मानानं ती बरीच खाली वाटते, पण दहा वर्षांच्या पोराच्या जवळपास निम्म्या उंचीइतकी भरते. सिमेंटच्या किंवा मॅटिंगच्या विकेटवर चेंडू उसळला की तो थेट छातीकडे येतो. पोरगं पाय मागे घेऊन लेग साइडला सरकतं आणि आपण त्याला ‘घाबरू नको’ म्हणतो. त्याच्या जागी आपल्या छातीवर तशा वेगानं दगड आला तर आपणही सरकलो असतो.

चेंडूचंही तसंच. पुरुषांच्या सामन्यातला चेंडू १५५.९ ते १६३ ग्रॅम वजनाचा असतो. महिलांसाठी १४० ते १५१ ग्रॅम, आणि तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी १३३ ते १४४ ग्रॅमचा चेंडू क्रिकेटच्या नियमांतच दिलेला आहे. त्याचा घेरही लहान असतो, त्यामुळे छोट्या बोटांत शिवण नीट धरता येते. दुकानात ‘सीझन बॉल द्या’ म्हटलं की मोठाच हातात पडतो. लहान चेंडू बार्शीत मला मिळाला नव्हता, पुण्याहून मागवला. तो येईपर्यंत आम्ही टेनिस बॉलवर खेळलो आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

बॅटच्या बाबतीत आपली एक कौटुंबिक सवय आडवी येते. शाळेचा गणवेश, चप्पल, सायकल, सगळं आपण ‘वाढत्या अंगाचं’ घेतो. बॅटही दोन वर्षं पुरेल अशी घेतो. लांब, जड बॅट पोराला वरच्या हातानं पेलत नाही. मग खालचा हात जोर लावतो, बॅट आडवी येते आणि सरळ चेंडूही मिडविकेटला जातो. अशा पोराचं तंत्र सुधारायला महिने घालवण्यापेक्षा बॅट बदलावी. पोराच्या पायाशेजारी बॅट उभी धरली तर मुठीचं टोक साधारण कमरेच्या हाडापर्यंत यावं. त्याहून वर गेलं तर ती थोरल्या भावाची बॅट समजावी.

वेगवान टाकणाऱ्या पोराची काळजी वेगळी. संघात एक उंच, दणकट मुलगा असतो आणि प्रत्येक कर्णधाराला चेंडू त्याच्याच हातात द्यावासा वाटतो. इंग्लंडच्या मंडळानं वेगवान गोलंदाजीसाठी आखून दिलेल्या मर्यादा अशा: तेरा वर्षांपर्यंत एका वेळी सलग पाच षटकं आणि दिवसाला दहा, चौदा-पंधराव्या वर्षी सलग सहा आणि दिवसाला बारा. वाढत्या वयात कमरेच्या मणक्यांची हाडं पक्की झालेली नसतात. वारंवार वळण्या-वाकण्याचा ताण पडून त्यांना बारीक तडे जातात. सकाळी सामना आणि संध्याकाळी गल्लीत परत चार षटकं, ही बेरीज कुणीतरी करायला हवी. ती पालकालाच करता येते, कारण संध्याकाळी पोरगं कुठं असतं हे त्यालाच माहीत असतं.

मोठं पोर आणि चांगलं पोर

‘पण काही पोरं खरंच चांगली असतात, त्यांना का थांबवायचं?’ हा प्रश्न मला दर हंगामात विचारला गेला. प्रश्न रास्त आहे. अडचण एवढीच की दहाव्या वर्षी चांगलं पोर आणि मोठं पोर यांतला फरक ओळखणं फार अवघड असतं.

कॅनडातल्या आइस हॉकीचा अभ्यास करून १९८५ मध्ये रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की वरच्या पातळीवर निवडलेल्या खेळाडूंत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेले फार जास्त आहेत. तिथं वयोगट १ जानेवारीला मोजत. जानेवारीतलं पोर डिसेंबरातल्या पोरापेक्षा अकरा महिन्यांनी मोठं, म्हणून उंच, म्हणून निवडलं जातं. निवडलं गेलं म्हणून त्याला जास्त सराव मिळतो आणि काही वर्षांनी ते खरंच सरस होतं. पुढे अनेक देशांत आणि अनेक खेळांत हेच आढळलं.

आपल्याकडे भारतीय क्रिकेट मंडळ वयोगटासाठी १ सप्टेंबर ही तारीख धरतं. म्हणजे सप्टेंबरात जन्मलेलं पोर आणि पुढच्या ऑगस्टमधलं पोर एकाच गटात. दहा वर्षांच्या आयुष्यात जवळपास एका वर्षाचा फरक! त्यात आपल्या ग्रामीण भागाची एक जुनी खासियत म्हणजे १ जून. शाळेत घालताना गुरुजींनी मांडलेल्या या जन्मतारखेची माणसं आमच्या पिढीत घरोघरी आहेत. हल्ली जन्मनोंदी होतात, पण वय कमी दाखवून खेळवण्याचा मोह गेलेला नाही. म्हणूनच मंडळाला मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय ठरवणारी चाचणी आणावी लागली.

वयानं शरीर फसवतं, तशी भूमिकाही फसवते. रोहित शर्माचं उदाहरण प्रसिद्ध आहे. १९९९ मध्ये दिनेश लाड यांनी त्याला पाहिलं ते ऑफस्पिन टाकणारा मुलगा म्हणून. बोरिवलीच्या शाळेत त्याची फी माफ करून घेतली. तो फलंदाजीही करू शकतो हे त्यांच्या नंतर लक्षात आलं आणि त्यांनी त्याला वर खेळवलं. रवी शास्त्री १९८१ मध्ये पहिल्या कसोटीत दहाव्या क्रमांकावर उतरले आणि पुढे भारताचे सलामीवीर झाले. आमच्याच सोलापूर जिल्ह्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे आधी भालाफेक करायची आणि कॉलेजच्या वयात क्रिकेटकडे वळली. २०२२ मध्ये तिनं नागालँडकडून टी-ट्वेंटी सामन्यात नाबाद १६२ धावा केल्या आणि त्याच वर्षी ती भारताकडून खेळली. दहाव्या वर्षी कुणी हिच्यावर ‘क्रिकेटसाठी नाही’ असा शिक्का मारला असता तर तो किती खोटा ठरला असता!

मग खरंच सरस असलेल्या पोराचं काय? त्याला सामन्यात दुसऱ्याचा वाटा देण्याऐवजी आणखी सामने द्यावेत. रमाकांत आचरेकर सरांनी हेच केलं. १९८४ मध्ये अजित तेंडुलकर धाकट्या भावाला शिवाजी पार्कवर त्यांच्याकडे घेऊन गेला. पुढे सर सचिनला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर सामने खेळायला न्यायचे. आपल्याकडे मुंबईइतकी मैदानं नाहीत हे खरं, पण वरच्या वयाच्या मुलांबरोबर एक संध्याकाळ, जिल्ह्याच्या निवड चाचणीची माहिती, गावातल्या जाणत्या प्रशिक्षकाशी ओळख एवढं कुठलाही पालक करू शकतो.

एक हजार नऊ

४ आणि ५ जानेवारी २०१६ या दोन दिवसांत कल्याणच्या प्रणव धनावडेनं भंडारी चषकाच्या आंतरशालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. इंग्लंडच्या ए. ई. जे. कॉलिन्सचा १८९९ पासूनचा नाबाद ६२८ धावांचा विक्रम मोडला. रिक्षाचालकाच्या या मुलाचं देशभर कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. त्यानं समोर आलेला प्रत्येक चेंडू खेळला, त्यात त्याचा काहीच दोष नाही.

मी त्या सामन्याचा धावफलक दुसऱ्या बाजूनं वाचतो. प्रणवच्या शाळेनं ३ बाद १४६५ वर डाव घोषित केला. समोरच्या शाळेचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत आटोपले. त्या संघात बरीच मुलं वयानं लहान होती आणि मैदानाची एक बाजू आखूड होती, हे तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. दोन दिवस चेंडू सीमेबाहेरून आणणाऱ्या त्या अकरा मुलांना काय शिकायला मिळालं? आणि प्रणवच्या संघातल्या, पॅड बांधूनही खेळपट्टीवर न गेलेल्या मुलांना? ठरावीक धावांनंतर फलंदाजानं निवृत्त व्हायचं, असा साधा नियम मुलांच्या अनेक स्पर्धांत असतो. तो तिथं असता तर विक्रम झाला नसता, पण दोन्ही संघ क्रिकेट खेळले असते.

आपलं स्वतःचं पोर

पालक-प्रशिक्षकाची सगळ्यात नाजूक जागा हीच. त्याचं स्वतःचं पोर संघात असतं. त्याला वर खेळवलं तर इतर पालक कुजबुजतात. ते टाळण्यासाठी त्याला मुद्दाम खाली ढकललं तर पोराला वाटतं, पप्पांना मी आवडत नाही. दिनेश लाड यांचा मुलगा सिद्धेश त्यांच्याच हाताखाली शिकून मुंबईकडून रणजी खेळला, पण लाड सर पूर्णवेळ प्रशिक्षक. रविवारच्या बापाला दुसरी सोय लागते.

आम्ही केलेली सोय लेखी होती. हंगामाच्या सुरुवातीलाच फलंदाजीचा फिरता क्रम कागदावर लिहून सगळ्या पालकांना दिला. पहिल्या सामन्यात पहिला असलेला पुढच्या सामन्यात शेवटचा, बाकीचे एकेक घर वर. माझ्या मुलाबद्दल काही ठरवायचं असेल तर ते संघातल्या दुसऱ्या एका मुलाची आई ठरवायची. ती शाळेत शिक्षिका होती, तिच्या शब्दाला मान होता. मैदानावर बाकीची पोरं मला काका म्हणत, मुलगा पप्पाच म्हणे, तो त्याचा हक्क होता. पण स्कूटरवरून घरी जाताना सामन्याचा विषय मी काढायचा नाही, त्यानं काढला तरच बोलायचं, असा नियम मी पाळला. बहुतेक वेळा तो वाटेत कुठं पोहे मिळतात याबद्दल बोलायचा.

आमच्या चौदा पोरांतलं एकही रणजीपर्यंत गेलं नाही. एक मुलगा दोनदा जिल्हा संघात होता. नवव्या-दहाव्या क्रमांकावर खेळणारा एक जण आज किराणा दुकान चालवतो आणि दर रविवारी मैदानावर असतो, गावातल्या स्पर्धांत पंचगिरीही करतो. चौदातले सात जण अजून कुठं ना कुठं खेळतात. वाटपामुळेच ते टिकले असं छातीठोकपणे म्हणणं कठीण आहे, पण त्या पाच हंगामांत एकाही पोरानं ‘मला खेळायला मिळत नाही’ म्हणून येणं सोडलं नाही, एवढं वहीत आहे.

वहीची पद्धतही सांगून ठेवतो. एका सामन्याला एक पान. डावीकडे पोरांची नावं. पुढे तीन रकाने: किती चेंडू खेळला, किती चेंडू टाकले, किती चेंडू अडवले किंवा झेलले. धावा आणि बळी लिहायचे नाहीत, ते पोरांना तोंडपाठ असतात. दर चार सामन्यांनी बेरीज करायची आणि ज्याची बेरीज सगळ्यात कमी त्याला पुढच्या रविवारी आधी उभं करायचं. बार्शी बाजारपेठेचं गाव आहे, वही मांडायला इथं कुणाला शिकवावं लागत नाही. या सुट्टीत कुणी पोरं जमवणार असेल तर पहिल्या रविवारी काही शिकवू नये, एका बाजूला बसून नुसतं मोजावं. दुसऱ्या रविवारी काय बदलायचं ते त्या पानावर आलेलं असेल.